लेकीच्या मापाची जोडवी

बीडला बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर माझी खोली आहे. जिन्याच्या तोंडाशी पाटी लावलीय: 'रामहरी. खासगी चौकशी व शोध.' वीस वर्षं पोलिसात काढली, एका साहेबाशी तोंड झालं आणि नाईक असतानाच राजीनामा टाकून आलो. खासगी गुप्तहेर म्हटलं की लोकांना काय काय वाटतं. माझं नव्वद टक्के काम म्हणजे लग्नाआधीची चौकशी. मुलगा पितो का, पुण्यातली नोकरी खरी का, आधीचं काही लफडं आहे का. गावातल्या न्हाव्याला आणि किराणावाल्याला दोन-दोन चहा पाजले की निम्मा तपास तिथंच होतो.

तुळजाबाई माझ्याकडे आली ती तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या तोंडावर. तुळजाबाई हे तिचं खरं नाव नाही. या लिखाणात माझ्याशिवाय कुणाचंच नाव खरं नाही. नारायणगडाच्या अंगाला तिचं गाव आहे, तेही सांगणार नाही. बाई पन्नाशीच्या पुढची. अंगावर चांगलं इरकली लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, गुडघा दुखत असावा, कारण जिना चढून आल्यावर बराच वेळ ती भिंतीला धरूनच उभी राहिली. डोळे तपासायला जाते म्हणून घरातून निघाली होती. पाणी प्यायली, पदराखालून एक गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही हरवलीय," म्हणाली.

मी गुंडाळी उलगडली. फ्लेक्सचा कापलेला तुकडा होता. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, हसरी, एक दात किंचित पुढे. फोटोभोवती छापील झेंडूचा हार. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'कै. कु. स्वप्नाली'. मला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. लेकीच्या दुःखानं अशी फिरलेली माणसं मी पोलिसात असताना पाहिली होती.

"बाई, ही तर वारलीय," मी जरा हळूच म्हणालो.

"न्हाई. हरवलीय. वारलीय असं तिच्या बापानं लिवलंय."

मग तिनं सांगितलं. स्वप्नाली बीडला फार्मसी शिकायला होती. गावातलाच प्रविण नावाचा मुलगा, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायचा. त्याचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. जात वेगळी, आणि ह्या घराच्या ओट्यावर चढायची त्या घराची प्राज्ञा नाही. दोघांनी पुण्यात रजिस्टर लग्न केलं. बाप राधाकिशन, बागायतदार, दहा वर्षं सरपंच. त्यानं तक्रार दिली तेव्हा पोरीनं पुण्याच्या ठाण्यात जबाब दिला की मी सज्ञान आहे आणि राजीखुशीनं गेले. तक्रार बंद झाली. त्याच आठवड्यात राधाकिशननं चौकात लेकीच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला, गावजेवण घालून तिचा दहावा केला आणि आईला पाटावर बसवून पोटच्या जित्या पोरीच्या नावानं पाणी सोडायला लावलं. घरातले तिचे सगळे फोटो चुलीत गेले. फ्लेक्स उतरवून गोठ्यावर आच्छादन म्हणून टाकला होता. त्यातला चेहरा तुळजाबाईनं विळ्यानं कापून ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला. दीड वर्ष तो तिथं होता. माझ्या टेबलावर त्यातून ज्वारीचे दाणे पडले.

म्हणजे कायद्याच्या लेखी ही पोरगी हरवली नव्हती आणि बापाच्या लेखी मेली होती. हरवली होती ती फक्त आईला.

"आन् प्रविणच्या घरच्यांचं काय?" मी विचारलं.

"आमच्या अमरसिंहानं त्येंचं घर पाडलं. त्येच्या बापाचा पाय मोडला. गाव सोडून गेले ते." अमरसिंह म्हणजे तिचा थोरला. "मालक म्हणत्यात, दहावा घातलाय तो वाया जाऊ द्यायचा न्हाई."

पोलिसात वीस वर्षं काय काय ऐकलं, पण ते वाक्य मी अजून विसरलो नाही. राग आला आणि भीतीही वाटली. मी तिला सरळ सांगितलं की शोधणं हे नेहमीच सापडलेल्याच्या भल्याचं नसतं.

"मला तिला घरी न्यायची न्हाई," ती म्हणाली. "एकडाव बगायची हाय. खाऊनपिऊन हाय का न्हाई एवढंच. मी माझ्या हातानं तिचं पानी सोडलंय, दादा. ते हात मला रातीला खात्यात."

फीचं नंतर बघू म्हणालो. ते नंतर कधी आलंच नाही.

मी स्वप्नालीला शोधलं नाही, प्रविणच्या आईला शोधलं. नवऱ्याचा पाय मोडला म्हणून ऊसतोडीची बाई घरी बसत नाही. त्या भागातल्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना धुंडाळत गेलो तर वत्सलाबाई सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या थळावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, सापडली. नवरा लंगडत मोळ्या बांधत होता आणि ही तोडत होती. स्टीलच्या भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मी तीन दिवस त्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून हिंडलो. लेकाचं नाव कुणी काढलं की ती बहिरी व्हायची. एवढी शहाणी बाई. पण कोपीच्या मेढीला एक कागदी पाकीट खोचलेलं होतं, रक्तदाबाच्या गोळ्यांचं. त्यावर मेडिकलच्या दुकानाचा शिक्का होता, आणि गाव नगरच्या पलीकडचं, एमआयडीसीचं. फार्मसी शिकलेली सून सासूला गोळ्या पाठवत होती. मी एक पातेलं वत्सलाबाईला निम्म्या किमतीत दिलं आणि निघालो.

स्वप्नाली काउंटरवर उभी होती. दात तसाच किंचित पुढे. गळ्यात काळ्या मण्यांची बारीक पोत. मी डोकेदुखीची गोळी मागितली आणि पैशांबरोबर चिठ्ठी दिली. 'तुमच्या आईनं शोधायला सांगितलंय. बोलायचं असेल तर हा नंबर. नसेल तर फाडून टाका, मी आईला सापडली नाही म्हणून सांगेन.' सज्ञान माणूस सापडलं तर त्याला विचारल्याशिवाय त्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. तिनं चिठ्ठी तिथंच वाचली. मी बाहेर पडलो तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं होतं.

दोन महिने काही नाही. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, आईचा गुडघा कसा आहे?"

तिची एकच अट होती. भेटेन, पण पत्ता आईला सांगायचा नाही. "आईला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही. चेहऱ्यावर लगेच दिसतं तिच्या."

जूनमध्ये तुळजाबाई पुन्हा माडीवर आली तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की पोरगी सुखरूप आहे, मेडिकलमध्ये काम करते, जावई एका कंपनीत सुपरवायझर आहे. बाईनं तोंडात पदर कोंबला. रडली नाही असं मी म्हणणार नाही, पण आवाज येऊ दिला नाही. सवय असावी. मग डोळे पुसून तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा की मला हसूच आलं.

"जावई गोड खातो का?"

"आता हे मला काय माहीत?"

"धोंड्याचा म्हैना येतोय, दादा."

तेव्हा मला हसू आलं होतं, हे मला अजून टोचतं. त्या साली अधिक श्रावण होता. तीन वर्षांनी येणारा महिना. जावयाला बोलवायचं, धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे दिवा लावून वाण द्यायचे आणि लेकीच्या पायात चांदीची नवी जोडवी घालायची. आमच्याकडे भिकाऱ्याच्या घरचा जावईसुद्धा त्या महिन्यात राजा असतो. लग्नानंतरचा पहिला धोंडा चुकला तर लेकीला सासरी तोंड वर करायला जागा राहत नाही म्हणतात. इथं सासर पाडलेलं आणि माहेरानं दहावा घातलेला, पण तुळजाबाईच्या डोक्यात तो हिशेब वेगळाच चालू होता.

"हे बघा," मी म्हणालो, "कपिलधारला भेटायचं. सोमवार, गर्दी असते, तुमच्या गावच्या बाया येतातच. तुम्ही त्यांच्याबरोबर यायचं, धबधब्याच्या पायऱ्यांवर बसायचं. पोरगी येईल, अर्धा तास बोला, मोकळे व्हा. पण रिकाम्या हातानं यायचं. घरात काही करायचं नाही, आणायचं नाही."

"रिकाम्या हातानं? पयला धोंडा हाय त्येचा."

"तुळजाबाई, तुम्हाला लेक बघायची का वाण द्यायचंय?"

"तुमाला लेक हाय का?"

"नाही."

"मंग तुमाला न्हाई कळायचं," म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी वरून ओरडून पुन्हा बजावलं. तिनं मागं न बघता मान हलवली. ती मान होकाराची नव्हती हे मला कळायला हवं होतं.

तिनं अनारसे केले. घरात सून होती, तेजश्री, तिला सांगितलं की अधिकाचं दान आहे, कपिलधारला देवापुढं ठेवायचेत. यात खोटं वाटण्यासारखं काही नाही. तेहतीस अनारसे देवालाही देतात. जोडवी मात्र तिनं बीडच्या सोनाराकडून करून आणली होती आणि पितळी डब्यात अनारशांच्या खाली कागदात गुंडाळून ठेवली होती. त्या सोमवारी पहाटे ती न्हाणीत असताना राधाकिशननं डबा उघडला. कशासाठी, ते तोच जाणे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं असेल. त्यानं अनारसे बघितले, कागद बघितला आणि झाकण पुन्हा जसंच्या तसं लावलं. बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. उलट म्हणाला, "जाऊन ये, पावसाचं जपून जा."

हे सगळं मला फार उशिरा कळलं.

त्या साली पाऊस कमीच होता, धबधब्याची धार मनगटाएवढी. तरी माणसं भिजायला येतच होती. मी वरच्या चहाच्या टपरीवर सकाळी नऊपासून ठाण मांडून होतो. साडेदहाला तुळजाबाई गावच्या बायांबरोबर जीपमधून उतरली. काखेत चकचकीत पितळी डबा. मी कपाळावर हात मारला. बाया दर्शनाला गेल्या आणि ही गुडघा धरत धरत पायऱ्यांवर येऊन बसली, डबा मांडीवर घेऊन. चेहऱ्यावर असा आनंद की लांबूनही वाचता यावा. पोरगी म्हणाली होती ते खरंच होतं.

आणि दहा मिनिटांनी काळी गाडी आली. अमरसिंहाला मी कधी भेटलो नव्हतो, पण बीड जिल्ह्यात वाढदिवसाच्या फ्लेक्समुळं कुणाचा चेहरा कुणाला माहीत नाही? बरोबर तिघं होते. ते दर्शनाला गेले नाहीत, चहालाही आले नाहीत. एक जण वाहनतळाशी थांबला, दोघं पायऱ्यांच्या दोन टोकांना. अमरसिंह झाडाखाली उभा राहून आईकडे बघत होता.

मी स्वप्नालीला फोन लावला. दोघं मांजरसुंब्याच्या चौकात पोचली होती, चहा पीत होती. जेमतेम पंधरा मिनिटांचा रस्ता. "तिथंच थांबा, मी सांगेपर्यंत हलू नका," म्हणालो.

"का? आई आली नाही का?"

"आलीय. थांबा."

मी तेव्हाच त्यांना परत पाठवू शकलो असतो. पण त्या बाईनं दीड वर्ष एक कापलेला फ्लेक्स कणगीत सांभाळला होता. तिला न विचारता तिची लेक परत पाठवायचा अधिकार मला कुणी दिला होता? मी पानाच्या द्रोणात थोडा प्रसाद घेतला, त्यात फोन ठेवला आणि तिच्या मागच्या पायरीवर, तिच्याकडे पाठ करून बसलो.

"मागं बघू नका. अमरसिंह आलाय, तीन माणसं घेऊन. तुमच्या मागावर. पोरगी मांजरसुंब्यात आहे. द्रोणात फोन आहे, चालू आहे."

धबधब्याखाली कुणीतरी पोरं ओरडत होती. मग द्रोण माझ्या हातातून गेला. तुळजाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, वाकली. लांबून बघणाऱ्याला वाटावं बाई जप करतेय.

"सपना," ती म्हणाली. मग एकदम म्हणाली, "रडू नको. ऐक. आल्या पावली परत फिरा. तुझा दादा आलाय हितं. माझ्या मागं आलाय, मीच आनला. गाडी काढा. आन् घर बदला, आजच्या आज. दुकान पन सोड." मध्येच थांबली, पलीकडचं ऐकलं. "मला काई करीत न्हाईत ते. तू ऐक. इथून पुढं गावचं कुनी बी आलं, आईनं धाडलंय म्हनलं, तरी दार उघडायचं न्हाई. मी आले तरी उघडायचं न्हाई. कळलं का? मी जिथं येईन तिथं हे माझ्या मागं येत्यात. मी दारात बसून रडले तरी उघडू नको."

पुढं ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. 'गोड' असा शब्द कानावर आला. जावई गोड खातो का ते विचारलं असेल. मग द्रोण माझ्या मांडीशेजारी आला.

"दादा," पुढं बघतच ती म्हणाली, "आता ती कुटं जाईल ते मला बी सांगू नका. कवाच."

मी उठलो आणि वर टपरीवर गेलो. पुढचं मी तिथून पाहिलं. तुळजाबाईनं डबा उघडला आणि पायऱ्यांवरून जाणाऱ्या-येणाऱ्या बायांना एकेक अनारसा दिला. ओल्या अंगाच्या पोरांना दिला. तेहतीस संपले. मग तळातला कागद सोडून तिनं जोडवी काढली, तिथंच बसून पायातली जुनी झिजलेली उतरवली आणि नवी घालायला लागली. जात नव्हती. बोटावर थुंकी लावून, दात आवळून तिनं ती घातली, दोन्ही पायांत. अमरसिंह झाडाखालून बघत होता. दीडपर्यंत थांबला, कुणी आलं नाही, मग आईला गाडीत घालून घेऊन गेला.

त्या संध्याकाळी राधाकिशननं तिला विचारलं, "अनारसे देवाला दिलेस, बरं केलंस. जोडवी कुन्या देवाला? देव जोडवी घालतो व्हय?" तिनं लुगड्याचा काठ वर उचलून पाय दाखवले. "माजी झिजली हुती, नवी केली." ज्या बाईला खोटं बोलता येत नव्हतं तिनं पायानं खोटं बोलून दाखवलं. पण त्या दिवसापासून राधाकिशननं तिला एकटीनं उंबरा ओलांडू दिला नाही, डोळे तपासायलासुद्धा नाही.

दिवाळीनंतर माझ्या जिन्यावर बूट वाजले. अमरसिंह. मला वाटलं, संपलं, आपल्याला ओळखलंय. त्यानं खुर्ची ओढली, मोबाईल टेबलावर ठेवला. पडद्यावर तोच फोटो, झेंडूच्या हारासकट.

"काका, मानूस शोधायचंय. बहीण हाय. बीडात तुमीच एक हाव म्हनत्यात."

मी फोटो हातात घेऊन पहिल्यांदाच बघतोय असा बघितला. "पण ही तर वारली असं लिहिलंय."

"ते असंच," तो म्हणाला आणि हसला. त्याचाही एक दात किंचित पुढे होता.

मी काम घेतलं. नाही म्हणालो असतो तर तो संभाजीनगरला गेला असता, पुण्याला गेला असता, आणि तिथल्या कुणाला वत्सलाबाईच्या कोपीतलं नवं पाकीट दिसलं असतं. माझ्या आयुष्यात फसवण्यासाठी घेतलेलं हे एकच काम. दोन वर्षं मी त्याला हिंडवलं. सुरतेला दिसली, वापीला राहते, हैदराबादेला गेली. तो माणसं पाठवायचा, ती हात हलवत परत यायची. पोलिसात जायचं मनात आलं नाही असं नाही. पण तक्रार काय देणार होतो? भाऊ बहिणीला शोधतोय म्हणून?

स्वप्नाली मधूनमधून फोन करायची, दर वेळी नवा नंबर. ती कुठं आहे मी विचारायचो नाही. ती एवढंच विचारायची, आई कशी आहे. मी न्हाव्याकडून, किराणावाल्याकडून काढलेली खबर द्यायचो. बरी आहे, गुडघा दुखतो, अमरसिंहाला मुलगा झालाय. तेव्हा ते खरं होतं.

गेल्या डिसेंबरात न्हावी म्हणाला, राधाकिशनच्या बाई सरकारी दवाखान्यात आहेत, मूत्रपिंडं गेलीत. मी दूरचा भाऊ म्हणून नाव सांगून गेलो. तेजश्री डबा आणायला घरी गेली होती. तुळजाबाई ओळखू येत नव्हती. अंग सुजलेलं, पाय तर खांबासारखे. दागिने उतरवायला सांगितले होते, सगळं निघालं होतं, पण जोडवी मांसात रुतली होती. अडीच वर्षं तिनं ती काढलीच नव्हती. नर्स साबण लावून खटपट करत होती. चामडं सोलत ती निघाली तेव्हा मला बघवलं नाही, पण तुळजाबाई हसली.

"बारीकच हुती. तिच्या मापाची ना. तिचं पाऊल लई नाजूक." मग पहाटेचा डबा, राधाकिशनचा प्रश्न, सगळं तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. बोलता बोलता जोडवी माझ्या हातात ठेवली आणि बोटं मिटवली. "पुढच्या धोंड्याला धाडा. येत्या जेठात हाय."

"तुम्हीच धाडाल."

"न्हाई. आन् एक ऐका. मी गेले तर तिला सांगू नका. ती येईल. कुनाचं ऐकायची न्हाई. आन् ह्या बारीला तिला माघारी धाडायला मी नसन."

मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं सोपं असतं. संक्रांत झाल्यावर चौथ्या दिवशी ती गेली.

दुसऱ्याच दिवशी अमरसिंहाचा फोन आला. आई गेल्याच्या दुःखानं त्याचा आवाज बसला होता, ते दुःख खोटं नव्हतं. "काका, आता तुमची गरज न्हाई. सगळ्या ग्रुपवर टाकलंय. दहाव्याला ती आपसूक येती. आईच्या दहाव्याला कोन येत न्हाई?"

सातव्या दिवशी स्वप्नालीचा फोन आला. मी वाट बघतच होतो.

"काका, प्रविणच्या मोबाईलवर एक फोटो आलाय. आईचा. श्रद्धांजली." ती घाईघाईनं बोलत होती. "तोच हार आहे. माझ्या फ्लेक्सला होता तोच, झेंडूचा. अक्षरंसुद्धा तीच. खरं आहे का? मी बॅग भरलीय काका, प्रविण नको म्हणतोय, मी एकटी निघणारय. खरं असेल तर मला जायलाच पाहिजे."

तेव्हा मी तेच वापरलं जे तिच्या बापानं आणि भावानं मला आयतं हातात दिलं होतं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "तुला बोलवायला केलंय. जित्या माणसाला हार घालायची तुमच्या घराला सवयच आहे. तुझा नव्हता घातला?"

पलीकडे ती रडली, आणि रडता रडता हसली. "देवा रे. खरंच की. मी कशी फसले. आई आहे ना? नीट आहे ना?"

"आहे. गुडघा तेवढा दुखतो."

दहाव्याच्या दिवशी मी नदीकाठी गेलो होतो, गावकऱ्यांत मिसळून. काळी गाडी उभी होती. अमरसिंह पिंडाकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघत होता. कावळा शिवायला फार उशीर झाला. बाया कुजबुजत होत्या, हिचा जीव कशात तरी अडकलाय. राधाकिशननं हात जोडून, नाक घासून सांगितलं, तुझं सगळं करीन म्हणून, तरी शिवला नाही. मी गर्दीत मागं उभा होतो. मनातल्या मनात म्हणालो, बाई, धोंड्याला जोडवी धाडतो. कावळा त्यानंतरही अर्धा तास आला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. उगीच काही रचून सांगायचं म्हटलं तर सांगता येईल, पण तसं झालं नाही.

आता जेठाचा धोंडा चालू आहे. स्वप्नालीनं एका दुकानाचा पत्ता दिला होता, त्यावर मी जोडवी धाडली. धाडण्याआधी सोनाराकडून उजळून घेतली, आतल्या बाजूला रक्ताचा डाग वाळलेला होता. माझी बायको बबिता हिनं तेहतीस अनारसे केले. कुणासाठी ते विचारलं नाही. आम्हाला लेक नाही, तरी तिला कळलं.

काल स्वप्नालीचा फोन आला.

"काका, मिळालं सगळं. प्रविणनं एका बसणीत दहा अनारसे खाल्ले, आईला सांगा. आणि जोडवी ना, अगदी मापाची आहेत. आईला माझ्या पायाचं माप अजून लक्षात आहे बघा. घातली की लगेच बसली. तिला नक्की सांगा हं."

"सांगतो," म्हणालो.